सातारा ते शिराळा, कच्च्या वाटेने, चौघं मिळून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार मित्र, वयं तिशी ते पंचेचाळीस, आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर डांबरी रस्त्यावर सायकल चालवता. साताऱ्याहून ठोसेघर, चाळकेवाडी, सडावाघापूर, पाटण, ढेबेवाडी, गुढे-पाचगणी असं करत शिराळ्याला उतरायचं, जमेल तिथे कच्च्याने. जीपीएसवरचा ट्रॅक १३० किलोमीटरचा. गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांत करायला निघालात. दुसऱ्या दिवशी दोघं पुढे गेले आणि दोघं पाटणहून पिकअपमध्ये सायकली टाकून घरी आले. आता विचारताय की सायकली बदलाव्यात का आणि सराव किती महिने करावा. शेवटी हेही लिहिलंय की चौथा मित्र या वर्षी यायला तयार नाही.

सायकलींकडे येतोच. पण तुमच्या वर्णनात एक वाक्य आहे: "पुढचे दोघं फाट्यावर थांबायचे, आम्ही पोचलो की निघायचे." ट्रिप तिथे मोडलीय. पुढच्यांना प्रत्येक फाट्यावर पंधरा-वीस मिनिटं बसायला मिळालं. पाणी प्यायले, चिक्की खाल्ली, बूट सैल केले. मागचे धापा टाकत पोचले की लगेच "चला". असे सहा फाटे झाले की पुढच्यांची दीड-दोन तास विश्रांती होते आणि मागच्यांची शून्य. शिवाय मागचा माणूस कायम गाठायच्या घाईत असल्यामुळे घोट-घोट पाणी पीत नाही, वेळेवर खात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या पोटरीत गोळे येतात आणि सगळ्यांना वाटतं की याची तयारी कमी पडली. त्याची तयारी कमी असेलही. पण वेळेवर विश्रांती, पाणी आणि खाणं मिळालं असतं तर तोच माणूस एवढा मोडला नसता.

त्यामुळे माझ्या ग्रुपमध्ये पहिला नियम हाच असतो. शेवटचा माणूस पोचला, त्याने सायकल टेकवली, की घड्याळ सुरू. दहा मिनिटं पूर्ण. आणि "चला" हा शब्द फक्त त्यानेच म्हणायचा. पुढच्याला थंडी वाजत असेल तर जॅकेट घालावं.

दुसरं, जागा ठरवून द्या. सगळ्यात पुढे नकाशावाला, सगळ्यात मागे दुरुस्ती येणारा. हत्यारं, पंप, प्रथमोपचाराची पिशवी हे सगळं मागच्याकडेच हवं, कारण मोडतोड झालेला माणूस पुढून गळत गळत मागच्यापर्यंत येतो. पंप पुढच्याकडे असेल तर तो दोन किलोमीटरवर, टेकाडापलीकडे, रेंज नसलेल्या जागी असतो. फाट्यावर मात्र नकाशावाल्याने एकट्याने थांबून भागत नाही. प्रत्येकाने आपल्या मागचा डोळ्यांना दिसेपर्यंत फाटा सोडायचा नाही. चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ-पठारावर, तर हे फार पाळावं लागतं. तिथे प्रत्येक पवनचक्कीकडे मुरमाचा एक रस्ता फुटतो, मुख्य वाटेइतकाच रुंद आणि कधी कधी तिच्यापेक्षा चांगला. चांगला दिसला म्हणून गेलात की पाचशे मीटरवर चक्कीच्या पायथ्याशी रस्ता संपतो. धुकं असेल तर दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि पात्यांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असू द्या.

तिसरं, ओझं सारखं वाटू नका. सायकल अशा वाटेवर माणसाच्या दमावर चालते, म्हणून सामायिक सामान, म्हणजे जास्तीच्या ट्यूब, हत्यारं, दुपारचं जेवण, सगळ्यात ताकदीच्या दोघांकडे द्या. दीड-दोन किलो इकडचे तिकडे केले की चढावर पुढच्या-मागच्यांमधलं अंतर बरंच कमी होतं. यात कुणाला कमीपणा वाटू नये, म्हणून हे निघायच्या आधी घरी बसून ठरवा, रस्त्यात नको.

आता अंतराचा हिशोब. डांबरावरच्या किलोमीटरवरून कच्च्याचा अंदाज बांधला की फसगत ठरलेली. मी तास मोजतो. सामान लादलेली सायकल, मध्यम तयारीचा माणूस, मुरूम-खडीची वाट: सपाटीला ताशी १० किलोमीटर धरा आणि दर ३०० मीटर चढाला वेगळा एक तास. जिथे सायकल ढकलावी लागते तिथे ताशी ३ किलोमीटर. ही झाली चाक फिरण्याची वेळ. चौघांचा ग्रुप असेल तर त्यावर एक तृतीयांश वेळ थांब्यांची: पंक्चर, फोटो, चहा, लघवी, रस्ता चुकणं. चौघांत प्रत्येक गोष्ट चार वेळा होते.

तुमचा मागचा बेत या हिशोबात टाकून बघा. रोज ६५ किलोमीटर, चढ समजा १४०० मीटर. अंतराचे साडेसहा तास, चढाचे साधारण पावणेपाच, मिळून सव्वाअकरा, त्यावर थांब्यांचे पावणेचार. पंधरा तास झाले. डिसेंबरात उजाडतं सातच्या सुमाराला आणि सूर्य मावळतो सहाच्या सुमाराला. म्हणजे उजेड अकरा तासांचा. कितीही सराव केला असता तरी तो दिवस उजेडात संपला नसता. त्याऐवजी ४० किलोमीटर आणि ९०० मीटर धरलं तर चार अधिक तीन, सात तास. थांब्यांसकट नऊ तास वीस मिनिटं. सातला निघालात तर साडेचारला मुक्कामी, दीड तास उजेड शिल्लक. तो दीड तास हाताशी असायलाच हवा, कारण चेन सहसा दुपारनंतरच तुटते.

म्हणून या वाटेला चार दिवस द्या. पहिल्या दिवशी सातारा ते चाळकेवाडी. बहुतेक डांबर आणि जवळजवळ सगळा चढच. सातारा शहर सातशे मीटरच्या आसपास, सडा अकराशेच्या आसपास. अंतर कमी वाटेल, वाटू द्या. दुसऱ्या दिवशी सड्यावरून सडावाघापूर आणि खाली पाटण. तिसरा दिवस 'दिवशी' नावाच्या घाटातून ढेबेवाडी, हा मुद्दाम छोटा दिवस आहे. कपडे धुवायचे, ब्रेक पॅड बघायचे, लवकर झोपायचं. चौथ्या दिवशी ढेबेवाडीच्या दक्षिणेकडचा डोंगर चढून गुढे-पाचगणीचं पठार आणि मग शिराळा. मोबाइलच्या नकाशात नुसतं "पाचगणी" टाकलंत तर तो तुम्हाला महाबळेश्वरच्या बाजूला पाठवेल, गुढे हे नाव सोडू नका.

ट्रॅक कुणाकडून घेतला असेल तर उपग्रहाच्या चित्रावर तो पूर्ण वाचून काढा. नकाशात तुटक रेघ दिसते तिथे बैलगाडीची चाकोरी असू शकते, गुरांची पायवाट असू शकते, किंवा पाच वर्षांपूर्वीची वाट आज नांगरलेलं रान झालेली असते. आणि ट्रॅक पश्चिमेला कोयना किंवा चांदोलीच्या जंगलात शिरत असेल तर तो भाग काढून टाका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वन विभागाच्या परवानगीशिवाय आत जाणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग वाट कितीही सोपी दिसो. बाहेरच्या वाटांवरही संध्याकाळी गवा आडवा येतो. थांबायचं, शिट्टी-हाका बंद, त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा. सड्यावर हिवाळ्यात गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, चहासाठीसुद्धा चूल पेटवू नका.

सायकलींबद्दल: नवीन घ्यायची गरज मला दिसत नाही. तुमच्या चारही एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकली आहेत, पुढे सस्पेन्शन आहे, डिस्क ब्रेक आहेत. फक्त तीन गोष्टी बघा.

पहिली, सगळ्यात हलका गिअर. पुढच्या चकलीचे (पेडलजवळच्या दातेरी चाकाचे) दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकलीचे दात. उत्तर ०.७ किंवा त्याखाली हवं. पुढे ३० आणि मागे ४६ असेल तर ०.६५, छान. पुढे ३२ आणि मागे ३४ असेल तर ०.९४, सामानासकट दिवशी घाटात गुडघे बोलायला लागतील. पुढे तीन चकल्या असलेल्या जुन्या सायकलीत सहसा २२ची छोटी चकली असते, मागे ३४ असली तरी तेवढ्याने भागतं. लोक ती जुनी म्हणून बदलायला निघतात, तसं करू नका.

दुसरी, टायर. इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या निम्म्या अडचणी इथूनच येतात. पूर्वेकडे माण, खटाव, जत, आटपाडीला सराव करणार असाल तर सराट्याशी गाठ आहे. त्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर राहतं आणि एका वेळी दहा-दहा चिकटतात. तुमच्या वाटेवर सराटे कमी, पण बाभूळ आहे, करवंदीची जाळी आहे. शेताच्या तोंडाशी गुरं शिरू नयेत म्हणून लोक बाभळीच्या फांद्या लावतात, त्या ओढून नेताना काटे चाकोरीत पडतात. म्हणून शेताचं तोंड दिसलं की चाकोरी सोडून मधल्या गवताच्या पट्ट्यावर या.

टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब न घालता चालण्यासारखे असतील तर तसे करून घ्या. २९ × २.२ इंची टायरला १०० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) लागतं. आपल्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात टायर हलवून आत खळखळ ऐकू येते का बघा. आवाज नाही म्हणजे आत सुकलेली साय आहे, सीलंट नाही. दाब माणसाच्या वजनावर ठरतो. ७० किलोचा माणूस आणि ८ किलो सामान धरलं तर पुढे २२ ते २४ पीएसआय, मागे २५ ते २८. दर दहा किलो वजनामागे दोन पीएसआय वाढवा. काटा घुसला तर तो काढून भोक खाली येईल असं चाक धरा, अर्धा मिनिट, सीलंट तिथे जमतं. फिस्स थांबत नसेल तर प्लग, म्हणजे भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी.

ट्यूबच असेल तर दाब ३० ते ३५ ठेवा, नाहीतर दगडावर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटली जाते. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर ते चिमटल्याचं लक्षण, हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर काटा, आणि तो अजून टायरमध्येच आहे. टायर बसवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवा. मग ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर टायरमध्ये काटा शोधायचा. बोट नका फिरवू, रुमाल फिरवा, धागा अडकतो तिथे काटा. हे न करता नवी ट्यूब टाकली की शंभर मीटरवर तीही जाते.

सड्यावरचा जांभा आणि कातळाच्या कडा टायरची बाजू चिरतात. तिथे प्लग टिकत नाही. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून, धुऊन, हत्यारांत ठेवा. चिरेच्या आतून तो लावायचा, मग ट्यूब घालायची, दाब थोडा कमी ठेवायचा. पाटणपर्यंत सहज पोचता.

तिसरी गोष्ट ब्रेक. सडावाघापूरहून पाटणकडे उतरताना सातत्याने ब्रेक दाबून ठेवला तर पॅड तापून गुळगुळीत होतात, मग लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही. जोरात दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा, परत दाबा. पुढचा आणि मागचा दोन्ही. वजन मागे, पेडल आडवी, एक खाली गेली तर चाकोरीच्या काठाला आपटते. मध्ये दोनदा थांबा. तापलेल्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) पाणी ओतू नका, तो वाकतो. निघताना पॅडवरचा थर एक मिलिमीटरच्या खाली असेल तर नवे टाका आणि प्रत्येक सायकलीला बसणारी एक जोडी सोबत ठेवा. चौघांचे पॅड सारखे नसतात हे उतारावर कळून उपयोग नाही.

तसंच गिअर हँगरचं. मागचा गिअर फ्रेमला ज्या छोट्या पट्टीने जोडलेला असतो ती पट्टी सायकल उजवीकडे पडली की वाकते किंवा तुटते. ती फ्रेमनुसार वेगळी असते, पाटणच्या सायकल दुकानात मिळणार नाही. चार सायकली, चार हँगर. चेनचं क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, गिअरच्या संख्येप्रमाणे, ९ गिअरचं १० गिअरला बसत नाही. चेन तोडायचं हत्यार, ४-५-६ मिलिमीटरच्या एलन चाव्या, टी-२५ टॉर्क्स चावी, दहा-बारा प्लॅस्टिकच्या पट्ट्या, थोडी तार, हातपंप. कॅरिअरच्या बोल्टना निघण्याआधी थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा डिंक) लावा आणि रोज संध्याकाळी हाताने हलवून बघा. कच्च्यावर कॅरिअरचा बोल्ट पहिल्या दिवशी सैल होतो, दुसऱ्या दिवशी पडतो आणि तिसऱ्या दिवशी कॅरिअर स्पोकमध्ये जातो. चेनला तेल थेंब-थेंब, मग पुसून कोरडी. तेल निथळत असेल तर लाल फुफाटा त्यात बसतो आणि चेन कानशीसारखी चकल्या घासते.

कोणत्या दिवसांत जायचं ते पूर्ण हवेवर आहे. नोव्हेंबर शेवट ते फेब्रुवारी चांगलं. पावसाळ्यात सड्यावर शेवाळ आणि धुकं, खालच्या काळ्या मातीत चाकं फिरायची थांबतात, माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये घट्ट बसते. अवकाळी पाऊस झाला असेल तर काळ्या रानातला टप्पा सोडून डांबराने जा, एक दिवस थांबलं तरी चालेल. हिवाळ्यात दुसरी गोष्ट म्हणजे ऊस. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा असेलच असं नाही. अंधारात खालच्या रस्त्यांवर चालवू नका.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली, सड्यावर चढताना प्रत्येकी तीन लिटर सोबत. दर तिसऱ्या बाटलीत ओआरएस, पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत कालवू नका. खाणं भूक लागायच्या आधी, दर पाऊण तासाला: एक केळं, किंवा मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा दोन चिक्क्या. दुपारी भाकरी-पिठलं पोटभर खाल्लंत तर पुढचा तास सायकल ढकलाल, अर्धी भाकरी आत्ता आणि अर्धी तासाभराने.

सराव सहा ते आठ आठवडे पुरे, पण त्यात सलग दोन दिवसांचे तीन शनिवार-रविवार हवेत, पूर्ण सामान लादून. शनिवारी सातारा, यवतेश्वर, कास, बामणोली आणि परत. जाऊन-येऊन सत्तरच्या आसपास, सगळं डांबर. कासला रस्ता सोडून पठारावर चाक घालू नका. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि त्या पातळ मातीत चाकाचं वळ उठलं की पुढच्या पावसात तिथे फूल येत नाही. रविवारी चाळकेवाडीचा कच्चा भाग. दुसऱ्या दिवशी बसायला जमतं का, हातांना मुंग्या येतात का, गुडघा कुठे दुखतो, हे रविवारीच कळतं. गुडघा पुढून दुखला तर सीट थोडी वर, मागून दुखला तर खाली, एका वेळी पाच मिलिमीटर. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका, दोन शॉर्ट्स न्या, रोज एक धुवा.

सोडून द्यायचं कुठे, तेही आधी ठरवा. माझ्याकडे दुपारी दोनची वेळ असते. दोनपर्यंत दिवसाच्या मधल्या खुणेला पोचलो नाही तर उरलेला कच्चा भाग सोडून सगळे डांबराने मुक्कामाला. सगळे, दोघं नाही. पाटण, ढेबेवाडी आणि शिराळ्याला स्टँडजवळ छोटा हत्ती किंवा पिकअप मिळते. एखाद्या गाडीवाल्याचा नंबर आधी घेऊन ठेवा आणि गाडीत पाठवायचा झाला तर आजारी माणूस आणि त्याच्याबरोबर एक जण, तो कोण हेही आधीच.

आणि तुमचा चौथा मित्र. त्याला "या वर्षी तुझ्यासाठी थांबू" असं म्हणू नका, हे ऐकून कुणी येत नाही. त्याला हा सगळा हिशोब दाखवा, १५ तासांचा दिवस अकरा तासांच्या उजेडात बसवला होता हे दाखवा. मग नकाशा त्याच्याकडे द्या. पहिल्या दिवशी ठोसेघरच्या चढाला त्याने पुढे चालायचं, आणि त्याच्या पुढे चाक कुणी काढायचं नाही. पुढच्या शनिवारी बामणोलीच्या सरावालाच तसं करून बघा. चढावर तुम्हा सगळ्यांना बोलता येतंय, दम न खाता पूर्ण वाक्य पुरं होतंय, तर चार दिवस टिकणारा वेग तोच आहे.